मुठीवरचा मुलामा का सुटतो?

प्रश्न : सुरीच्या पितळी मुठीवर निकेलचा मुलामा दिला, पावसाळ्यात फोड आले. पात्यावरही द्यावा का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोष गोव्याच्या दमट हवेपेक्षा धुण्याचा. कोपऱ्यांत पॉलिशचं मेण उरलं की निकेल धरत नाही. मूठ गरम अल्कली द्रावणात धुवा आणि वर पाणी ओता. पाणी अखंड पसरायला हवं. थेंब सुटे झाले तर पुन्हा धुवा. मग दहा टक्के सल्फ्युरिक आम्लात अर्धा मिनिट बुडवा, खळबळून ओलीच निकेलच्या द्रावणाच्या टाकीत सोडा. द्रावण ५० ते ६० अंश सेल्सिअस, वीजप्रवाह मुठीच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस डेसिमीटर ३ अँपिअर, वेळ २५ मिनिटं : साधारण १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसतो.

पात्यावर मात्र नकोच. कडक पोलाद मुलामा देताना सुटणारा हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि धार लावताना मुलामा तसाही निघतो.