शर्टाचे चेक्स, बँकेचा चेक आणि बुद्धिबळातला शह

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. परवा विचारत होती, शर्टावरचे चेक्स, बँकेतला चेक आणि ‘होमवर्क चेक कर’ हे तीन वेगळे शब्द का एकच? मला काही सांगता आलं नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर: एकच आहे ताई! आणि मूळचा इंग्रजी नाहीच, फारसी आहे. शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला आला की समोरच्याला ‘शाह’ म्हणून सावध करायचे, आपण ‘शह दिला’ म्हणतो तो हाच. तो शब्द अरबीतून लॅटिन, तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजीत जाईपर्यंत घासून घासून ‘चेक’ झाला, आणि ‘चेस’ हे त्याच शब्दाचं अनेकवचन, म्हणजे खेळाचं नावच मुळात ‘राजे’!

आता शह बसला की बाकी सगळं सोडून आधी राजाला वाचवावं लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणं, लगाम घालणं, आणि लगाम ठेवायचा तर लक्ष ठेवायला लागतं, त्यातूनच तपासणं आलं. तुमच्या लेकीचा होमवर्क इथे बसतो.

शर्टावरचे चेक्स पटावरच्या घरांवरून आले. मला सगळ्यात आवडतो तो इथलाच एक फाटा. इंग्लंडच्या खजिन्यात १२ व्या शतकात १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबलावर रेघा आखलेलं कापड अंथरायचे आणि त्यावर सोंगट्या सरकवून हिशोब करायचे. ते दिसायचं पटासारखं, म्हणून खजिन्याचं नाव एक्स्चेकर पडलं, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात.

बँकेतला चेक बराच नंतरचा, १८ व्या शतकातला. आधी चेक म्हणजे पैसे देण्याचा कागद फाडून दिल्यावर नुसतं मागे राहणारं अर्धुक (काउंटरफॉइल), खोटेपणा पकडायला, रक्कम पडताळायला. पुढे नाव अख्ख्या कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या वळणावर स्पेलिंगमध्ये क्यू घातला, अमेरिकन लोक मात्र साधंच लिहितात आणि हॉटेलच्या बिलालाही चेकच म्हणतात.

म्हणजे बघा, आपल्याकडे हा शब्द दोनदा आला, फारसीतून शह आणि इंग्रजीतून चेक, आणि आपण ‘शहकाटशह’ही म्हणतो आणि ‘चेक वटला का’ही विचारतो.

आणि लेकीने चेक रिपब्लिकचं विचारलंच तर तो चेक वेगळा, ते तिथल्या लोकांचं नाव आहे, त्याचा पटाशी काही संबंध नाही.