घरचे सिनेमे साठवून बघायला रेडिमेड नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) घ्यावा की स्वतः सर्व्हर जोडावा?

आधी एक सांगा, सिनेमे बघणार कशावर? टीव्ही फाइल जशीच्या तशी चालवत असेल तर सर्व्हरला ती नुसती पुढे सरकवायची असते. दोन डिस्कचा साधा रेडिमेड नॅसही ते निवांत करतो. खरा घाम फुटतो तो ट्रान्सकोडिंगला, म्हणजे चालू असतानाच व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलायला. ४के एचईव्हीसी (व्हिडिओ खूप आवळून साठवण्याची पद्धत) फाइल फोनवर १०८०पीमध्ये हवी असली, किंवा ब्लू-रेची चित्ररूप सबटायटल्स व्हिडिओवर उमटवावी लागली, की स्वस्त नॅसमधला एआरएम (फोनमध्ये असतो त्या जातीचा) प्रोसेसर हात टेकतो. तिथे क्विक सिंक (प्रोसेसरमध्येच असलेली व्हिडिओ बदलण्याची सोय) असलेला इंटेलचा साधा प्रोसेसरही काम निभावून नेतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला? (सिनेमे दाखवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरपैकी प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे मोजावे लागतात, जेलीफिनमध्ये नाही.)

स्वतः जोडलात तर अपडेटनंतर बिघडलेलं सगळं तुमच्याच गळ्यात. लिनक्सचा कंटाळा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. मला विचाराल तर नॅस फक्त साठवणीला घ्या आणि ट्रान्सकोडिंगला शेजारी मिनी पीसी ठेवा. डिस्क घेताना एसएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) टाळा, एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क जोडून केलेला रेड अ‍ॅरे पुन्हा बांधताना त्या जीव काढतात. आणि रेडला बॅकअप समजू नका: चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. घरच्या फोटोंची तरी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.