पॉमेरियनच्या अंगावर सारख्या गाठी होतात. घरी ब्रश कसा करावा? पावसाळ्याआधी सगळे केस काढून टाकावेत का?

केस मुळापासून काढू नका, ही पहिली विनंती. पॉमेरियनला दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि आत मऊ लोकर. एकदा तासले की वरचे केस काही वेळा पूर्वीसारखे येतच नाहीत, शिवाय ऊन थेट कातडीला लागतं.

गाठी होतात त्या आतल्या लोकरीच्या. गळलेली लोकर बाहेर न पडता तिथेच अडकते. आपण वरवर ब्रश फिरवतो, त्यामुळे कुत्रं दिसतं छान आणि आत मात्र नमदा झालेला असतो. म्हणून एका हाताने केस वर उचलून धरा, कातडी दिसेल असा भांग पाडा आणि थोडे थोडे केस खाली सोडत मुळापासून विंचरा. स्लिकर ब्रश म्हणजे बारीक, वाकलेल्या तारांचा ब्रश. त्याच्या तारा बोचतात, आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून हात किती हलका ठेवायचा ते ठरवा. शेवटी स्टीलचा कंगवा फिरवा. तो अडला की तिथे गाठ आहे, बहुतेक कानामागे, काखेत, पट्ट्याखाली किंवा मांडीमागे.

गाठीच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही. थोडं कॉर्नफ्लॉर चोळून बोटांनी उकला. कात्री अजिबात नको, गाठीबरोबर कातडी वर येते आणि कापली जाते. कातडीला चिकटलेली गाठ डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

विंचरायचं ते आंघोळीच्या आधी, कारण पाण्याने गाठ आवळते. आणि आपल्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे ही लोकर आपोआप कशी वाळणार? मुळाशी ओल राहिली की वास, खाज, लाल चट्टे सुरू होतात. टॉवेलने टिपून घ्या, मग कोमट ड्रायर लावून मुळापर्यंत सुकवा. मुधोळ किंवा कारवानी कुत्री पाळणारे सांगतील की रबरी ब्रश पुरतो. त्यांच्या आखूड केसांना पुरतो, तुमच्याला नाही.

रंकाळ्यावरून फिरून आलात की कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. त्यानंतर ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्या.