धारवाड जिल्ह्यातल्या प्रसिद्ध व्यक्ती कोणत्या? आणि भीमसेन जोशी धारवाडचे की गदगचे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याची गोम त्यातच आहे. भीमसेन जोशींचा जन्म १९२२ चा, घराणं गदगचं. तेव्हा गदग धारवाड जिल्ह्यातला एक तालुका होता. १९९७ साली जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: धारवाड, गदग आणि हावेरी. त्यामुळे जुन्या पुस्तकात ते 'धारवाड जिल्ह्यातले' आणि नव्या यादीत 'गदगचे'. दोन्ही बरोबर. नकाशावरची रेघ हलली म्हणून माणसाचं गाव हलत नाही, पण यादी करणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. ज्ञानपीठ मिळालेले वि. कृ. गोकाक जन्मले सावणूरला, म्हणजे आज हावेरीत. गायिका गंगूबाई हनगल यांच्या नावातलं हनगलही हावेरीत, पण गंगूबाई स्वतः जन्मल्या धारवाडात आणि संसार केला हुबळीत. कुमार गंधर्वांचं नाव या यादीत घालणारेही भेटतात. त्यांचं सुळेभावी बेळगाव जिल्ह्यात आहे, त्यांना तिथेच राहू द्या.

मी हुबळीत वाढलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तेव्हा यादी देण्याऐवजी ही माणसं एकमेकांत कशी गुंतली आहेत तेच सांगतो. आकडेवारीसारखी नावं हवी असतील तर ती कुठेही मिळतील.

गाण्याचा धागा धरायचा तर हुबळीहून वीसेक किलोमीटरवरच्या कुंदगोळला जावं लागतं. आज धारवाड जिल्ह्यातला हा तालुका, पण संस्थानी काळात कुंदगोळ पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होतं. इथल्या रामभाऊ कुंदगोळकरांना (जन्म १८८६) किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी शिकवलं. खाँसाहेबांचा मुक्काम मिरजेला आणि म्हैसूर दरबारात त्यांना मान. मिरज, हुबळी, म्हैसूर ही त्यांची वहिवाटीची वाट, आणि कुंदगोळ तिच्यावरच. इथे नाडगीरांच्या वाड्यात त्यांचं येणंजाणं असे. रामभाऊ पुढे मराठी रंगभूमीवर गाजले, आणि महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो सवाई गंधर्व म्हणून. पुण्यात १९५३ पासून ज्यांच्या नावानं महोत्सव भरतो ते हेच. त्या मांडवात दुलई पांघरून बसणाऱ्या किती जणांना हे कुंदगोळचे कन्नड गृहस्थ होते हे ठाऊक असतं, याबद्दल मला दाट शंका आहे.

भीमसेन अकराव्या वर्षी घरातून पळाले, गुरूच्या शोधात उत्तरेत भटकले, आणि शेवटी ज्यांच्यापाशी स्थिरावले ते सवाई गंधर्व त्यांच्या घरापासून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर होते. १९३६ च्या सुमाराला ते कुंदगोळला आले आणि गुरुगृही राहून, पडेल ते काम करत शिकले. त्याच गुरूंकडे गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं ये-जा करून शिकत. एक घरात राहणारा मुलगा, एक संसार सांभाळून येणारी बाई. पुढे दोघांनी किराणा घराणं देशभर नेलं, पण गायकी बघाल तर इतकी वेगळी की एकाच गुरूचे शिष्य म्हणून पटकन पटू नये.

गंगूबाईंबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख हटकून भीमसेनांच्या मागोमाग येतो आणि ते मला खटकतं. वयानं त्या मोठ्या, जन्म १९१३ चा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. लेकीवर परिणाम नको म्हणून आईनं स्वतःचं गाणं आवरतं घेतलं, असं गंगूबाई सांगत. गाणाऱ्या बायकांच्या घरातली मुलगी म्हणून लहानपणी रस्त्यानं जाताना टोमणे ऐकले ते त्यांनी कधी लपवले नाहीत. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये त्या होत्या. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि त्यानंतर आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला. दुसरी कोणी असती तर गाणं सोडलं असतं. त्यांनी त्या आवाजाभोवतीच गाणं उभं केलं. २००२ साली पद्मविभूषण मिळालं, २००९ मध्ये त्या गेल्या. त्यांची जुनी ध्वनिमुद्रिका आणि नंतरचा मारवा किंवा शुद्ध कल्याण एकापाठोपाठ ऐका, गाणारी एकच बाई आहे यावर विश्वास बसणार नाही.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचं प्रकरण निराळं. मन्सूर हे धारवाडजवळचं गाव, आडनाव त्यावरूनच. घरचे लिंगायत शेतकरी. पोरगा कन्नड नाटक कंपनीत गेला, तिथं त्याचं गाणं ऐकून नीलकंठबुवा मिरजकरांनी त्याला मिरजेला नेलं. नंतर जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली, पण १९३७ मध्ये मंजी खाँ अचानक वारले. मग धाकटे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे. मिरज आणि कोल्हापूर वजा केलं तर मन्सूरअण्णा घडलेच नसते, आणि तरी त्यांनी धारवाड सोडलं नाही. रागदारीच्या बरोबरीनं लिंगायत संत बसवण्णांची वचनं, म्हणजे कन्नड भक्तिरचना, गायली. मोठं नाव झालं ते उतारवयात. १९७० मध्ये पद्मश्री, १९७६ मध्ये पद्मभूषण, आणि १९९२ मध्ये, गेले त्याच वर्षी, पद्मविभूषण. जोड-राग आणि अनवट राग ते गात तेव्हा रागाची ओळखपाळख करून देण्यात वेळ घालवत नसत, पहिल्या दोन आवर्तनांतच थेट मुद्द्यावर. मला विचाराल तर या जिल्ह्यातलं पहिलं नाव हे. वाद घालायचा असेल तर खाली प्रतिक्रियेत घाला, मी हटणार नाही.

याच पिढीतले बसवराज राजगुरू (जन्म १९१७, यलिवाळ) महाराष्ट्रात कमी ऐकले जातात. आजच्यांपैकी वेंकटेश कुमार यांची तालीम गदगच्या पुट्टराज गवईंकडे, आणि मुक्काम धारवाडात. पुन्हा तीच रेघ आडवी येते.

आता साहित्य. द. रा. बेंद्रे, धारवाडकरांचे बेंद्रे अज्जा. जन्म १८९६, धारवाडातच. घरची भाषा मराठी, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, १९४४ ते १९५६ सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात प्राध्यापकी. आणि हा माणूस कन्नडचा 'वरकवी', म्हणजे वरदान लाभलेला कवी, झाला! 'अंबिकातनयदत्त' हे टोपणनाव म्हणजे आईचा मुलगा म्हणवून घेणं. १९३२ साली 'नरबली' या कवितेपायी इंग्रज सरकारनं तुरुंगात टाकलं, नोकरीचे वांधे झाले. १९७३ मध्ये 'नाकु तंती' या कवितासंग्रहासाठी ज्ञानपीठ. ते मराठीतही लिहीत, पण त्यांची कविता पुस्तकी कन्नडमध्ये नाही, धारवाडच्या बोलीत आहे. बाजारात, विहिरीवर ऐकू येणारं बोलणं त्यांनी कवितेत आणलं, आणि ती कविता इकडची अडाणी माणसंसुद्धा म्हणतात. सीमावादावर हिरिरीनं बोलणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना बेंद्रे अज्जा जरा अडचणीचेच.

त्यांच्या उलट प्रवास जी. ए. कुलकर्णींचा. बेळगावकडचे जी.ए. आयुष्यातली बरीच वर्षं धारवाडला जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मराठी कथेतलं एवढं मोठं नाव, आणि भोवतीचं गाव कन्नड. सभा-संमेलनं टाळायची, पत्रांतून मात्र मनमोकळं बोलायचं. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. धारवाडच्या कन्नड याद्यांत जी.ए. नसतात आणि मराठी लेखांत धारवाड हे फक्त त्यांच्या पत्त्यापुरतं येतं. मला हा दोन्ही बाजूंचा करंटेपणा वाटतो.

गिरीश कार्नाड जन्मले माथेरानला (१९३८), घरात कोंकणी, पण चौदाव्या वर्षापासून धारवाडचे. कर्नाटक कॉलेजातून पदवी, तिथून रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. त्यांचं पहिलं नाटक 'ययाति' छापलं ते धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेनं, १९६१ मध्ये. एका माडीवर चालणारी ही प्रकाशन संस्था म्हणजे त्या काळच्या लेखकांचा अड्डाच. ज्ञानपीठ १९९८ चं.

एम. एम. कलबुर्गींचं नाव महाराष्ट्रानं विसरू नये. वचन साहित्य आणि शिलालेखांचे अभ्यासक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू. ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडच्या कल्याणनगरात राहत्या घरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुण्यात दाभोलकर दोन वर्षं आधी असेच गेले होते, कोल्हापुरात पानसरे त्याच वर्षी फेब्रुवारीत.

बाकीचे झटपट. सरोजिनी महिषी, धारवाड उत्तरमधून चार वेळा खासदार. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री बसवराज बोम्मई हुबळीचे. उद्योगात गुरुराज देशपांडे हुबळीचे. सुधा मूर्ती शिग्गावच्या (पुन्हा हावेरी!), पण इंजिनिअरिंग हुबळीच्या बी.व्ही.बी. कॉलेजात. नंदन निलेकणींचे शाळकरी दिवस काही काळ धारवाडात गेले. आणि तुमच्या आईवडिलांच्या पिढीला विचारा, हिंदी सिनेमातली लीना चंदावरकर ठाऊक आहे का. तीही धारवाडची.

प्रत्यक्ष यायचा विचार असेल तर धारवाडात साधनकेरीला बेंद्रे भवन आणि मन्सूरअण्णांचं 'मृत्युंजय' हे घर बघा. कुंदगोळला मात्र सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमाची तारीख आधी विचारून घ्या आणि त्याच दिवशी जा. तिकीट नाही, रात्रभर गाणं, आणि पुण्यातल्यासारखी जागेसाठी धक्काबुक्की नाही. पेढा परतताना घ्या, आधी घेतलात तर गाडीत बसेपर्यंत उरणार नाही.