किलोमीटर कमी झाले म्हणून ऑइल ताजं राहत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांची पेट्रोल कार आहे. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइल बदलायला १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो दर ५,०००ला बदला. मित्र म्हणतो सिंथेटिक ऑइल आहे, २०,००० पर्यंत बघायला नको. गाडी मात्र गेल्या ऑइल चेंजनंतर १४ महिन्यांत ३,८०० किमीच चाललीय, तीही मुख्यतः घर ते ऑफिस, एका वेळेला ४ किमी, आठवड्यातले सहा दिवस. मग आत्ता ऑइल बदलायचं की १०,०००ची वाट बघायची?

बदला. याच आठवड्यात, आणि फिल्टरसकट.

३,८०० हा आकडा बघून ऑइल अजून नवंच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या ऑइलने काढलेले दिवस फार खडतर आहेत. रोज मोकळ्या रस्त्यावर ६० किमी पळणाऱ्या गाडीचं ऑइल १०,००० किमीनंतरही तुमच्या ऑइलपेक्षा बऱ्या अवस्थेत असू शकतं. हे उलटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच, एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून थेंब गळतात ते हेच. पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा थोडा खाली, ऑइलच्या बाजूला निसटतोच. इंजिन पुरेसं तापलेलं असेल तर त्यातली वाफ ऑइलात थांबत नाही, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ आणि वायू बाहेर काढणारी झडप) परत इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेला, ओढली जाते आणि बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर तीच वाफ आतल्या धातूवर दव जमावं तशी जमते आणि ऑइलात उतरते. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, आणि ते सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइल पातळ करतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनांत हे आणखी जास्त होतं.

आता तुमचा हिशेब मांडून बघा. १४ महिने म्हणजे साधारण ६० आठवडे. रोज जाऊन येऊन दोनदा धरलं तर सातशेहून जास्त वेळा थंड इंजिन सुरू झालं आणि नीट तापायच्या आत बंद झालं. १२चं मायलेज धरलं तर ३,८०० किमीत तीनशे लिटरच्या वर पेट्रोल जळलं, म्हणजे तितकंच पाणी तयार झालं. त्यातला अगदी छोटा हिस्सा ऑइलात राहिला तरी ऑइल खराब व्हायला तो पुरे आहे.

इथे एक गैरसमज सगळ्यांचा असतो. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की इंजिन गरम झालं असं आपण धरतो. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, असतो. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. तुमच्या ४ किमीत काटा वर आलाही असेल, ऑइल मात्र कोमटच राहिलं असणार.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका नातेवाइकांची अशीच कमी चालणारी गाडी माझ्याकडे बघायला आली होती. ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं तर त्याच्या आतल्या बाजूला पिवळट, चिकट, सायीसारखा थर. बोटाने निपटला तर मागे पाण्याचे बारीक थेंब. आधी मलाच धसका बसला, कारण हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं आणि कूलंट ऑइलात मिसळायला लागलं तरी असाच थर दिसतो. कूलंटच्या टाकीवर खूण केली आणि महिनाभर पातळी बघितली. जराही उतरली नाही. म्हणजे गॅस्केट ठीक होतं, थर निव्वळ साचलेल्या ओलाव्याचा होता. ऑइल आणि फिल्टर बदलला आणि त्यांना सांगितलं, आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग पाऊण तास चालवा. तीन महिन्यांनी तेच झाकण उघडलं तर आतून स्वच्छ. तुम्हीही आज तुमचं झाकण उघडून बघा. इंजिन बंद आणि गार असताना.

मॅन्युअलमध्ये किलोमीटरबरोबर महिने लिहिलेले असतात ते यासाठीच. सीलबंद डब्यात ऑइल काही वर्षं चांगलं राहतं. इंजिनात एकदा गेलं की ओलावा, पेट्रोल आणि जळण्यातून येणारी आम्लं त्याला सतत भेटत राहतात. ही आम्लं मारण्यासाठी आणि घाण तरंगत ठेवण्यासाठी ऑइलात रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू संपतात. ऑइल संपत नाही, त्यातली ही रसायनं संपतात, आणि मग गाळ धरायला सुरुवात होते. बरेच जण मॅन्युअलचं कोष्टक बघतात आणि त्याखालची टीप सोडून देतात. त्या टिपेत 'कठीण परिस्थितीतला वापर' अशा काहीशा शब्दांत छोटे पल्ले, धूळ, सतत ट्रॅफिक, ओझं ओढणं असं सगळं असतं, आणि त्यासाठी अंतर बऱ्याचदा निम्म्यावर आणलेलं असतं. तुम्ही त्या टिपेत बसता.

खरं तर ऑइलचं वय तासांत मोजायला हवं. ट्रॅक्टर आणि जनरेटरला तासांचंच मीटर असतं आणि त्यांची सर्व्हिसिंगही तासांवर ठरते, बहुतेक २५०च्या आसपास. कारला किलोमीटर मोजतो कारण ते समोर दिसतात. पण सरासरी ५० किमी वेगाने १०,००० किमी म्हणजे इंजिनाचे २०० तास. तेच ट्रॅफिकमध्ये सरासरी १६ किमी वेगाने असेल तर ६२५ तास! आकडा तोच, काम तिपटीहून जास्त. सिग्नलला उभी असलेली गाडी किलोमीटरच्या मीटरला दिसत नाही, ऑइल पंपाला दिसते.

म्हणून तुम्हाला मिळालेल्या दोन्ही सल्ल्यांबद्दल माझं मत सांगतो. मेकॅनिकचे ५,००० किमी जुन्या काळातून आलेत, जेव्हा कार्बोरेटरची इंजिनं होती, पेट्रोल जास्त सांडायचं आणि ऑइल साधं मिनरल असायचं. आजच्या इंजिनाला सरसकट ते लागू नाही. पण तुमच्या वापराला ते फारसं चुकीचंही नाही, फक्त तुमच्या बाबतीत ५,००० किमीच्या आधी कॅलेंडर भरतं. तुम्ही किलोमीटर विसरा आणि दर वर्षी बदला. चार-चार किलोमीटरच्याच फेऱ्या राहणार असतील आणि लांब कधीच जाणार नसाल, तर मी दहा महिन्यांवर बदलेन.

मित्राचे २०,००० मात्र मान्य करू नका. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, थंडीत लवकर वाहतं, हे खरं आहे. पण त्यात मिसळणारं पाणी, पेट्रोल आणि काजळी तितकीच असते. काही इंजिनांना कंपनीनेच २०,००० किंवा त्याहून जास्त अंतर दिलेलं असतं, पण ते त्या इंजिनासाठी, ठरावीक दर्जाच्या ऑइलसाठी आणि मोठ्या ऑइल क्षमतेसकट दिलेलं असतं. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावता येत नाही. काही गाड्यांत ऑइलचं आयुष्य किती उरलं ते स्क्रीनवर टक्क्यांत दिसतं. बहुतेक गाड्यांत हा अंदाज इंजिनाचे फेरे, तापमान, किती वेळा थंड सुरू झालं यावरून काढलेला असतो. तो उपयोगी आहे, मी मानतो, पण ऑइलची पातळी कमी झालीय का हे तो सांगेलच असं नाही.

आता रंगाबद्दल. 'काळं पडलंय, बदला' हे वाक्य ऐकून कित्येक जणांनी चांगलं ऑइल फेकलंय. ऑइलचं एक काम इंजिन धुण्याचं आहे. घाण उचलून ते काळं झालं म्हणजे ते काम करतंय. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं आणि तरी ठीक असतं. उलट फिकट दिसणारं ऑइल पेट्रोलने पातळ झालेलं असू शकतं. रंगापेक्षा वास आणि स्पर्श जास्त सांगतात. डिपस्टिकवरचा (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) थेंब दोन बोटांत चोळा. पेट्रोलचा उग्र वास आला, किंवा थेंब पाण्यासारखा सैल लागला, तर थांबू नका. खरखर लागली तर मेकॅनिकला दाखवा. दुधाळ दिसलं तर आधी कूलंटची पातळी बघा.

डिपस्टिकचा विषय निघालाच आहे तर मनापासून एक विनंती. ऑइल कधी बदलायचं यावर आपण तासन्‌तास बोलतो आणि ऑइल आहे का हे बघत नाही. जुनं ऑइल इंजिन हळूहळू झिजवतं, कमी झालेलं ऑइल एका प्रवासात इंजिन सीझ, म्हणजे कायमचं जाम, करू शकतं. माझ्या आधीच्या गाडीचं ऑइल चेंज होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. एका लांबच्या प्रवासात, वळणावर, ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. गाडी बाजूला घेतली, लगेच बंद केली, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक ओढली. टोकाला ओल सुद्धा नव्हती. गाडी ऑइल पीत होती आणि मला पत्ता नव्हता. तो लाल दिवा दाब कमी झाल्याचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, आणि लागल्यावर 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' असं कधीही करू नका.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी ऑइल बघतो. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून वाचायची. पहिलं वाचन धरायचं नाही. बहुतेक कारमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, त्यामुळे मध्यावर असेल तर अर्धा लिटर. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) फिरण्याने फेसाळतं आणि फेसाला दाब धरता येत नाही. आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, त्यात बहुतेक इंधन मिसळतंय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्या छोट्या पल्ल्यावर वापरल्या की हे बऱ्याचदा होतं.

कुठलं ऑइल हे तुम्ही विचारलं नाही, तरी दोन ओळी. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. 'दाट ऑइल घाला, जास्त संरक्षण मिळतं' हे आजच्या इंजिनांना लागू नाही. ऑइलच्या वाटा अरुंद असतात, व्हॉल्व्ह टायमिंग आणि चेनचा ताणही ऑइलच्या दाबावर चालतो. मॅन्युअलमध्ये असेल ती ग्रेड आणि तो दर्जा घ्या. पेट्रोलसाठी एपीआयचा (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसपी हा दर्जा २०२० पासून आहे आणि एसएन हा आधीचा दर्जा मागणाऱ्या गाडीला तो चालतो. मोटारसायकल असेल तर गोष्ट वेगळी: बहुतेकींत क्लच आणि गिअर त्याच ऑइलात बुडालेले असतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लागतंच. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. तिथे ऑइलही लिटरभरच असतं आणि गिअरचे दात ते चिरडत असतात, त्यामुळे अंतर कमी असणं स्वाभाविक आहे.

फ्लशिंगचं (इंजिन आतून धुण्याचं) औषध टाकू का, असं गॅरेजमध्ये विचारतील. तुमच्या गाडीला नको. चार वर्षांत गाळ असलाच तर नव्या ऑइलने आणि एखाद्या लांब फेरीने सुटेल.

ऑइल काढताना इंजिन कोमट हवं, म्हणजे घाण ऑइलाबरोबर वाहून येते. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा लावायला सांगा. चपटा झालेला जुना वॉशर गळू नये म्हणून बोल्ट बेताबाहेर आवळतात आणि ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे आटे जातात. नवा फिल्टर बसवण्याआधी त्याच्या रबरी रिंगला बोटाने थोडं नवं ऑइल लावलं का, आणि जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे उभं राहून बघा. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत जाता कामा नये, गोळा करणाऱ्याकडेच द्या.

मग तारीख आणि किलोमीटर एका चिकटपट्टीवर लिहून बोनेटच्या आतून लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली वाकून जमीन बघा, डाग नाही ना. आणि डिपस्टिक पुन्हा एकदा ओढा, कारण नवा फिल्टर भरताना थोडं ऑइल स्वतःकडे ठेवून घेतो.