पहिला स्प्रिंट आखताना

नागपूरच्या मिहानमध्ये नवीन सॉफ्टवेअर टीम हाती आलीय ना, मग स्प्रिंट (ठरवलेलं काम संपवायची ठरावीक मुदत) दोन आठवड्यांचाच ठेव. माणसं ५, कामाचे दिवस १०, म्हणून ५० दिवस मिळाले असं धरू नकोस. मध्ये पोळा आणि तान्ह्या पोळ्याची अशी दोन दिवस सुट्टी आली की पाच जणांचे मिळून १० गेले, उरले ४०. बग आणि मीटिंगांना पाचवा हिस्सा सोड, हाती ३२. (तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक; त्या दिवशी रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढणं, ठेवू नये, हे काय सांगायचं!)

स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं एक काम. तिला दिलेले स्टोरी पॉइंट म्हणजे तास नव्हेत, ती कामांच्या आकाराची आपसातली तुलना. त्यावरून माणसं जोखलीस की आकडे फुगतात. व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट) वाढते, काम तेवढंच. पहिले तीन स्प्रिंट नुसतं मोज, मग सरासरी धर.

मोठी स्टोरी फोड, पण डेटाबेस, एपीआय (प्रोग्रामना आपसात जोडणारा दुवा), स्क्रीन अशी आडवी नाही. 'ग्राहकाला पावती डाउनलोड करता येते' असा उभा तुकडा हवा. नाहीतर शेवटच्या दिवशी तिन्ही अर्धवट आणि टेस्टरच्या हाती काहीच नाही.

डेली स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, १५ मिनिटं, तीही तुझ्यापुढे हजेरी लावायला नाही; काम कुठे अडलंय तेवढं बोलायचं. रेट्रोतून (स्प्रिंट संपल्यावर टीमने घेतलेल्या आढाव्यातून) एकच सुधारणा निवड आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये ती इतर कामांसारखीच, कुणाच्या तरी नावावर टाक.