सहलीच्या वेळापत्रकात फ्रेंच किती आहे?

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यातील एका शाळेत नववीत शिकते. सहावीपासून तिने तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आहे. शाळेने येत्या मे महिन्यात बारा दिवसांची फ्रेंच भाषेची परदेश सहल ठरवली असून तीत चार दिवस भाषावर्ग, पाच दिवस पॅरिस आणि तीन दिवस स्वित्झर्लंड असा कार्यक्रम आहे. खर्च सव्वातीन लाखांच्या घरात जातो. मुलगी जायला उत्सुक आहे, पण तिच्या आजीला ती परक्या घरी राहणार याची काळजी वाटते. एवढ्या दिवसांत भाषा खरोखर सुधारते का?
— एक आई, सदरबझार, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘चार दिवस भाषावर्ग’ हे आहेत. असे वर्ग बहुधा सकाळी तीन तास चालतात, म्हणजे सगळे मिळून बारा तास झाले. शाळेत आठवड्याला चाळीस मिनिटांच्या तीन तासिका धरल्या, तर एवढे फ्रेंच तुमची मुलगी साताऱ्यात बसून दीड महिन्यात शिकते. तेव्हा सव्वातीन लाख रुपये वर्गासाठी देण्यात अर्थ नाही. ते द्यायचे असतील, तर वर्ग सुटल्यानंतर तिच्या कानांवर कोणती भाषा पडणार आहे यासाठी द्यावेत, आणि शाळेला विचारायचा खरा प्रश्नही तोच आहे.

पूर्वी एकदा मी मुलांच्या अशाच एका गटाबरोबर फ्रान्सला गेले होते. तीस मुले एका हॉटेलात उतरली, एका बसमधून फिरली आणि आठ दिवस आपापसांत मराठीतच बोलली. परतताना त्यांच्याजवळ छायाचित्रे पुष्कळ होती, पण ‘मला भूक लागली आहे’ हे फ्रेंचमध्ये सहजपणे म्हणता येणारी मुले फार थोडी होती. त्या आयोजनात मीही होते, म्हणून हे मला आजही लागून राहिले आहे. भाषेत बुडून शिकण्याची जी पद्धत आज जगभर सांगितली जाते, तिचा प्रसिद्ध प्रयोग 1965 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात सेंट-लँबर्ट या गावी झाला. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या लहान मुलांना बालवर्गापासून सगळे शिक्षण फ्रेंचमधून देण्यात आले आणि ते काही वर्षे चालू राहिले. म्हणून बारा दिवसांत मुलगी अस्खलित बोलू लागेल, अशी अपेक्षा कोणी दाखवली तर ती मान्य करू नका.

मात्र थोड्या दिवसांत एक गोष्ट नक्की घडू शकते, ती म्हणजे कान तयार होणे. आपल्याकडे कोणी परदेशी माणूस पुस्तकातून ‘मला माहीत नाही’ हे वाक्य शिकून आला आणि सातारा स्टँडवर त्याला ‘म्हाईत न्हाई’ असे उत्तर मिळाले, तर तो गोंधळेल. फ्रेंचमध्येही अगदी असेच होते. पुस्तकात ‘ज्य न से पा’ असे शिकवलेले वाक्य घरातली मुले ‘शे पा’ इतक्या घाईने म्हणतात. हे अंतर वर्गात भरून निघत नाही; जेवणाच्या टेबलावर, भांडी आवरताना, घरातल्या लहान भावंडांची भांडणे ऐकताना ते भरते. यासाठी मुलांची राहण्याची सोय स्थानिक कुटुंबात असणे मला पॅरिस पाहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

मराठी घरातले मूल या बाबतीत बरेच पुढे असते, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांतला फरक इंग्रजीतून समजावताना शिक्षकांची दमछाक होते, पण तुमच्या मुलीला तू आणि तुम्ही घरीच माहीत आहेत. तिने यजमान बाईंशी ‘व्हू’ने सुरुवात करावी आणि त्यांनीच ‘त्यू’ म्हण असे सांगितले की मग तसे म्हणावे. नामांना लिंग असते याचे तिला नवल वाटणार नाही, कारण आपल्याकडे तर तीन लिंगे आहेत. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणजे ‘चार वीस’ म्हणतात. खेड्यांतल्या जुन्या बायका ‘चार विसा’ अशी मोजणी करीत आल्या आहेत. आजींना ती आठवत असेल, तर हा धडा त्यांनाच नातीला शिकवू द्या. सहलीबद्दलचा त्यांचा विरोधही कदाचित थोडा निवळेल.

आता कार्यक्रमाविषयी. स्वित्झर्लंडचे तीन दिवस कुठे आहेत ते अवश्य विचारा. पर्यटक बहुधा ल्युसर्न आणि इंटरलाकेनकडे जातात, आणि तो भाग जर्मन भाषेचा आहे. फ्रेंच ऐकायची असेल तर पश्चिमेला जिनिव्हा किंवा लोझानला जावे लागते. माझे मत विचाराल तर हे तीन दिवस काढून टाकावेत, पॅरिसचे पाचाचे दोन करावेत आणि वाचलेले सहा दिवस एकाच गावात, एकाच कुटुंबात घालवावेत. पालकांनी एकत्र येऊन लेखी मागणी केली, तर शाळा असा बदल करू शकते. मे महिन्याची निवड मात्र चांगली आहे, कारण फ्रान्समधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि मेमध्ये तिथल्या मुलांबरोबर एखादा दिवस वर्गात बसता येते. दिवाळीच्या सुमारास मात्र तिथेही सुट्टी असण्याचा संभव असतो. मेमध्ये 1 आणि 8 तारखेला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून महिन्याचा उत्तरार्ध अधिक सोयीचा आहे.

आजींच्या काळजीत तथ्य आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. कुटुंबाचा पत्ता, घरातील माणसे आणि गावात मुक्कामाला असणाऱ्या शिक्षकांचा फोन क्रमांक निघण्यापूर्वी हाती असला पाहिजे. एका घरात दोन मुली ठेवण्यास माझी हरकत नाही, कारण या वयात सोबतीने धीर येतो. फोनवर बोलणे मात्र दिवसातून एकदाच ठरवा. उन्हाळ्यात फ्रान्सचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, तेव्हा तिकडे दुपारी साडेचार वाजता, म्हणजे साताऱ्यात रात्री आठला बोलणे सर्वांना जमेल.

कागदपत्रांत दोन गोष्टी पाहा. शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा लागतो. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना युरोपीय नियमांनुसार व्हिसा शुल्क माफ आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. सहलीच्या हिशेबात व्हिसा शुल्क वेगळे लावले असेल, तर त्याचे कारण जरूर विचारा. बारा वर्षांवरील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जातात, म्हणून मुलीला केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागेल हे धरून चाला.

प्रश्न : आमचा मुलगा अशाच सहलीला जाणार आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, तर खाण्याची सोय होईल का? यजमान कुटुंबासाठी साताऱ्याचे कंदी पेढे पाठवण्याचा विचार आहे.
— एक वडील, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सोय होते, परंतु ती आधी सांगावी लागते. नुसते ‘शाकाहारी’ लिहिल्यास तिथे काही जण मासे चालतात असे समजतात. म्हणून अर्जात मांस, मासे आणि अंडी यांचा स्वतंत्र उल्लेख करावा, तसेच जिलेटिन घातलेल्या गोळ्याही चालत नाहीत हे लिहावे. फ्रान्समधल्या शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणे आता कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ही कल्पना तिथे अनोळखी राहिलेली नाही. पेढे मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे आणि पेढा म्हणजे खवाच. त्याऐवजी सांगलीचे सीलबंद भडंग पाठवा, आणि ते कसे करतात हे मुलाला फ्रेंचमध्ये सांगता येईल अशी पाच वाक्ये आधी पाठ करून घ्या. पहिल्या संध्याकाळी बोलायला विषय मिळेल.

प्रश्न : माझ्या वर्गातील मुले फ्रान्सला जाणार आहेत. घरची परिस्थिती तशी नसल्यामुळे मला जाता येणार नाही. मी मागे पडेन का?
— एक विद्यार्थिनी, तासगाव, जि. सांगली

उत्तर : तू मागे पडशील की नाही हे सहलीवर ठरत नाही, कारण सहलीचे बारा दिवस संपल्यावर वर्षाचे उरलेले दिवस तुम्हा सर्वांना सारखेच मिळणार आहेत. आंतरराष्ट्रीय फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधले एक बातमीपत्र आहे. ते रोज दहा मिनिटे ऐक, आणि पहिले दोन आठवडे काही समजले नाही तरी सोडू नकोस. ऐकलेल्यातले एक वाक्य दुसऱ्या दिवशी मोठ्याने म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि मूळ आवाजाशी ताडून पाहा. फ्रेंच शिकवणाऱ्या आलियाँस फ्राँसेज या संस्थेचे पुण्यातले वर्ग आणि डेल्फ ही फ्रेंच भाषेची परीक्षा यांची चौकशी शिक्षकांकडून करून घे. डेल्फचे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध राहते, म्हणून दहावीपूर्वी तिची ए-2 ही दुसरी, प्राथमिक पातळी गाठण्याचे ठरवलेस तर ते श्रम वाया जाणार नाहीत.

पुद्दुचेरीला गेलात तर फ्रेंच येते, असे तुला कोणी सांगेल. तिथे 1954 पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती आणि जुन्या वस्तीत रस्त्यांची फ्रेंच नावे अजून दिसतात, पण लोकांची रोजची भाषा तमिळ आहे. एखाद्या भाषावर्गात नाव घातल्याशिवाय केवळ फिरण्यासाठी तिथवर जाऊ नकोस. आणि तुझ्या मैत्रिणी परत आल्या की त्यांना आठवड्यातून अर्धा तास तुझ्याशी फक्त फ्रेंचमध्ये बोलायला सांग. तिकडे जे ऐकले ते टिकवण्यासाठी त्यांनाही कोणीतरी हवेच असेल.